‘वन चाइल्ड नेशन’ : एका गावाच्या कथेत अख्खा देश मावतो का?

पडदावेध यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या तालुक्याच्या गावात आम्ही सात-आठ जण मिळून एक लहानसे चित्रपट मंडळ चालवतो. गेल्या महिन्यात वाचनालयाच्या सभागृहात आम्ही नानफू वांग आणि जियालिंग झांग यांनी दिग्दर्शित केलेला ‘वन चाइल्ड नेशन’ हा माहितीपट दाखवला. २०१९ साली सनडान्स महोत्सवात अमेरिकी माहितीपटांच्या विभागातले परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळाले होते. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नानफू वांग यांचा जन्म १९८५ साली चीनच्या जियांग्शी प्रांतातल्या एका खेड्यात झाला. पुढे त्या अमेरिकेत स्थायिक झाल्या आणि स्वतः आई झाल्यावर तान्हे बाळ घेऊन गावी परतल्या. एका कुटुंबाला एकच मूल या ज्या सरकारी धोरणाची गाणी त्या लहानपणी इतर मुलांबरोबर गात होत्या, त्या धोरणाने आपल्या घरात आणि गावात नेमके काय केले, हे त्यांनी आईला, मामाला, जुन्या गावप्रमुखाला आणि गावातल्या म्हाताऱ्या सुईणीला एकेक करून विचारले. त्या विचारण्यातून हा माहितीपट उभा राहतो.

आमच्या सभागृहात दोन प्रसंगांनी शांतता पसरली. त्यातला पहिला टोपलीचा. दिग्दर्शिकेच्या आईला दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा आजीने घरात एक टोपली आणून ठेवली होती आणि या वेळीही मुलगी झाली तर तिला त्या टोपलीत घालून रस्त्यावर ठेवून यायचे असे ठरले होते. मुलगा झाला, म्हणून टोपली रिकामी राहिली. दुसरा प्रसंग मामाच्या मुलीचा. तिला बाजारातल्या मांसाच्या ओट्यावर ठेवण्यात आले, दोन दिवस आणि दोन रात्री तिला कोणीही उचलून नेले नाही, आणि ती तिथेच दगावली.

चित्रपटानंतरच्या चर्चेत महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकेने मुद्दा मांडला, आणि त्यावरून पुढे तासभर वाद झाला. त्यांचे म्हणणे असे की माहितीपटाच्या नावात ‘राष्ट्र’ आहे, परंतु पडद्यावर दिसणारी माणसे मुख्यतः चीनमधल्या बहुसंख्य हान समाजातली आणि दक्षिणेकडच्या खेड्यांतली आहेत. शहर जवळपास नाही, अल्पसंख्य समाज नाहीत, दत्तक म्हणून परदेशी गेलेल्या मुली प्रामुख्याने छायाचित्रांतून दिसतात, आणि ज्यांच्यावर सक्तीच्या शस्त्रक्रिया झाल्या त्या बायकांपेक्षा ज्यांनी त्या केल्या किंवा करवून घेतल्या त्यांचेच बोलणे आपल्या अधिक लक्षात राहते. यावर आमचे एक ज्येष्ठ सभासद कळवळून म्हणाले की स्वतःच्या घरातले दुःख सांगणाऱ्या बाईकडून साऱ्या देशाचा हिशेब मागणे हा तिच्यावर अन्याय आहे.

मला दोघांचेही म्हणणे पटते आणि म्हणूनच मी अडलो आहे. जिथे सरकारच माणसांच्या कुटुंबाचा आकार ठरवत होते, तिथल्या माहितीपटात प्रतिनिधित्वाची अपेक्षा आपण कोणत्या पायावर करायची? प्रत्येक समाजगटाचा एकेक चेहरा दिसला म्हणजे ती पुरी होते का? जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

जनगणक यांचे उत्तर

पडदावेध, आपल्या प्राध्यापिकाबाईंचा मुद्दा बरोबर आहे. मात्र या विषयात विविधतेला जे महत्त्व आहे ते सभ्यतेच्या किंवा समतोलाच्या अपेक्षेतून आलेले नाही, धोरणच माणसांची वर्गवारी करून राबवले गेले होते म्हणून ते आहे. तुमची शिधापत्रिकेसारखी नोंद शहरातली की खेड्यातली, तुम्ही हान की अन्य समाजाचे, तुमचे पहिले अपत्य मुलगा की मुलगी, तुम्ही कोणत्या प्रांतात राहता, या चार प्रश्नांच्या उत्तरांवर तुम्हाला किती मुले होऊ द्यायची हे ठरत असे. ती वर्गवारी पडद्यावर उमटली नाही तर धोरण कसे चालत होते हेच प्रेक्षकाला समजत नाही.

खुद्द दिग्दर्शिकेचे घर हे याचे उत्तम उदाहरण आहे. माहितीपटाच्या नावात ‘एक मूल’ आहे आणि तिला मात्र सख्खा धाकटा भाऊ आहे. कारण असे की २५ सप्टेंबर १९८० रोजी कम्युनिस्ट पक्षाने आपल्या सभासदांना उद्देशून जाहीर पत्र काढून एका अपत्याचा आग्रह धरला आणि १९८३ साली देशभर शस्त्रक्रियांची मोहीम काढली. त्या एका वर्षात दोन कोटींहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यातल्या बहुतांश बायकांवर. त्यामुळे खेड्यापाड्यांत इतका असंतोष माजला की १९८४ पासून बहुतेक ग्रामीण भागांत, पहिली मुलगी असेल तर काही वर्षांच्या अंतराने दुसऱ्या अपत्याला परवानगी मिळू लागली. याला अभ्यासक ‘दीड अपत्याचे’ धोरण म्हणतात. नव्वदच्या दशकाअखेरच्या नियमांचा हिशेब केला तर चीनच्या लोकसंख्येपैकी सुमारे ३५ टक्के लोक काटेकोर एका अपत्याच्या नियमाखाली होते, अर्ध्याहून थोडे अधिक लोक या ‘दीड’च्या नियमाखाली होते, आणि उरलेल्यांना दोन किंवा अधिक अपत्यांची मुभा होती. म्हणजे आजीची ती टोपली एका अपत्याच्या नियमाने घरात आणलेली नव्हती, तर शेवटची संधी मुलीवर ‘वाया’ जाऊ नये या धास्तीने आणलेली होती. ‘मुलगी म्हणजे अर्धे अपत्य’ हे गणित नियमातच लिहिलेले होते. माहितीपटात टोपली दिसते, हे गणित मात्र पुरेसे दिसत नाही, आणि मला ती त्यातली खरी उणीव वाटते.

अल्पसंख्य समाजांविषयी थोडे अधिक लिहितो. चीनमध्ये हान सोडून ५५ समाजांना अधिकृत मान्यता आहे आणि त्यांपैकी बहुतेकांना या नियमांत कमी-अधिक सूट होती. मात्र लोकसंख्या एक कोटीच्या वर असल्याने ज्वांग समाजाला ती सूट सहसा मिळत नसे. वायव्य चीनमधल्या शिंजियांग प्रदेशात अल्पसंख्य समाजांच्या कुटुंबांना शहरात दोन आणि खेड्यात तीन मुलांची परवानगी होती, तर तिथल्या हान कुटुंबांना प्रत्येकी एक कमी. २०१७ साली हा फरक काढून सर्वांना सारखाच नियम लावला गेला आणि त्याच वेळी अंमलबजावणी कमालीची कडक झाली. चीनच्याच सरकारी आकड्यांनुसार त्या प्रदेशाचा जन्मदर २०१७ साली दर हजारी १५.८८ होता, तो २०१९ साली ८.१४ झाला. देशात अन्यत्र २०१६ पासून दोन मुलांना मुभा मिळाली असताना, ज्यांना पूर्वी सूट होती त्या शिंजियांगमधल्या उइगुर या मुस्लिम समाजाच्या बायकांच्या वाट्याला नेमका त्यानंतर हा काळ आला. ही माहिती जगासमोर ठळकपणे २०२० साली आली आणि माहितीपट त्याच्या आधीचा आहे, त्यामुळे दिग्दर्शिकांना मी दोष देणार नाही. आज मात्र तो दाखवणाऱ्या मंडळाने प्रेक्षकांना हे सांगितले पाहिजे, कारण हे सारे भूतकाळात संपले असा समज घेऊन माणसे घरी जातात.

शहरातल्या एकुलत्या मुलींचा अनुभव अगदीच वेगळा आहे. व्हेनेसा फाँग यांनी दालियन शहरात केलेल्या संशोधनातून असे पुढे आले की भाऊच नसल्याने आईवडिलांनी आपला सारा पैसा आणि साऱ्या अपेक्षा या मुलींवर लावल्या, त्या शिकल्या आणि पूर्वीच्या पिढ्यांतल्या मुलींना जे मिळाले नव्हते ते त्यांना मिळाले. हे सांगितल्याने धोरणाचे समर्थन होत नाही. चीनमधला जननदर, म्हणजे एका बाईला होणारी सरासरी मुले, १९७० साली ५.८ होता आणि एका अपत्याची सक्ती येण्यापूर्वीच, त्या दशकाच्या अखेरीस, तो २.८ च्या आसपास उतरला होता, तेव्हा सक्तीवाचून भागले नसते हा युक्तिवाद मुळातच लंगडा आहे. तरीही एकाच नियमाने एका मुलीला टोपलीत नेऊन ठेवले आणि दुसरीला विद्यापीठात पोहोचवले, हे दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय त्या राष्ट्राचे चित्र पुरे होत नाही.

निवृत्त आरोग्यसेविका यांचे उत्तर

मी सातारा जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात १९८४ साली आरोग्यसेविका म्हणून रुजू झाले आणि सारी नोकरी उपकेंद्रांवर काढली. हा माहितीपट मी मुलीच्या संगणकावर पाहिला आणि त्यातली सुईण बोलू लागली तेव्हा मला तो थांबवावा लागला. चौऱ्याऐंशी वर्षांची ती बाई सांगते की आपण पन्नास ते साठ हजार गर्भपात आणि नसबंदी शस्त्रक्रिया केल्या, आणि आता ती ज्यांना मूल होत नाही अशा जोडप्यांवर उपचार करते. त्यांनी कृतज्ञतेने दिलेल्या, बाळांची चित्रे असलेल्या पताकांनी तिची खोली भरलेली आहे. तिच्या जोडीला दुसरी एक बाई आहे, कुटुंब नियोजन खात्यातली कर्मचारी, जिला देशपातळीवरचे सन्मान मिळाले आणि जी आजही ठामपणे म्हणते की आपण केले ते योग्यच होते.

आमच्याकडे चीनसारखा कायदा नव्हता. पण नसबंदीचे टारगेट होते. मार्चअखेर जवळ आला की उपकेंद्राच्या भिंतीवरच्या तक्त्यात माझ्या नावापुढे किती ‘केसेस’ झाल्या आणि किती बाकी आहेत हे खडूने लिहिले जाई, आणि मासिक बैठकीत ज्यांचे आकडे कमी त्यांना सर्वांसमोर उभे केले जाई. मी दोन मुलींच्या आईच्या दारात तिसऱ्यांदा गेले होते तेव्हा तिची सासू मला पाणीसुद्धा न विचारता आत निघून गेली, तो क्षण मला आजही आठवतो. ती सून अखेर शिबिराला आली. शाळेच्या वर्गात बाके सरकवून जमिनीवर सतरंज्या अंथरल्या होत्या, शस्त्रक्रिया झालेल्या बायका ओळीने निजवलेल्या होत्या, आणि ही बाई गुंगीतून जागी होताना एवढेच विचारत होती की घरी म्हशीची धार कोणी काढली असेल. मी तिच्या अंगावर चादर घातली आणि वहीत तिच्या नावापुढे खूण केली. दोन्ही कामे माझ्याच हातांनी झाली.

म्हणून आपल्या प्राध्यापिकाबाईंचे एक म्हणणे मला मान्य नाही. ज्यांनी हे काम केले त्यांना पडद्यावर इतकी जागा दिली, ही माझ्या दृष्टीने या माहितीपटाची सर्वांत मोठी गोष्ट आहे. ‘मी काय करणार, माझ्या हातात काही नव्हते’ हे वाक्य त्यात जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी येते. सोसणाऱ्याचे बोलणे आपण सहानुभूतीने ऐकतो, पण करणाऱ्याचे बोलणे ऐकले तरच हे सारे आपल्यासारख्या माणसांकडून कसे घडते ते कळते.

माझी तक्रार दुसरी आहे. प्रतिनिधित्वाविषयी बोलताना आपण नेहमी खालच्या बाजूला पाहतो आणि कोण राहून गेले ते मोजतो. या माहितीपटात वरची बाजू राहून गेली आहे. सुईण, कर्मचारी बाई, गावप्रमुख, मुले गोळा करून अनाथालयांना विकणारे कुटुंब, हे सारे शिडीच्या शेवटच्या पायरीवरचे लोक आहेत. बीजिंगमध्ये बसून ज्यांनी आकडे ठरवले त्यांच्यापैकी कोणालाही त्या सुईणीसारखे कॅमेऱ्यासमोर बसून उत्तर द्यावे लागलेले नाही. सोंग ज्यान हे क्षेपणास्त्रांवर काम करणारे शास्त्रज्ञ होते, आणि लोकसंख्येचे जे गणित त्यांनी मांडले त्याचा हे धोरण ठरण्यात मोठा वाटा होता, असे मी नंतर वाचले. त्यांचे गणित कागदावर राहिले आणि हात त्या म्हातारीचे रंगले. प्रेक्षक मात्र घरी जाताना म्हातारीचा चेहरा घेऊन जातो. कॅमेरा वरपर्यंत पोहोचू शकत नाही याची मला कल्पना आहे, पण तो पोहोचला नाही हे माहितीपटाने स्वच्छ शब्दांत सांगायला हवे होते.

आणखी एक गोष्ट. दिग्दर्शिकेच्या नावातला पहिला शब्द ‘पुरुष’ या अर्थाचा आहे, दुसरा घराच्या ‘आधारस्तंभा’चा. मुलगा होईल या आशेने आधीच ठरवलेले नाव मुलीला दिले गेले. हे ऐकून मला आमच्याकडच्या ‘नकुशा’ आठवल्या. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्हा परिषदेने २८५ ‘नकोशी’ मुलींचा नामांतराचा समारंभ केला आणि त्यांना नवी नावे दिली. चांगलेच झाले ते. पण त्या दिवसाची जी छायाचित्रे सर्वत्र गेली त्यांत मुली प्रमाणपत्रे हातात धरून उभ्या आहेत. त्यांचे बोलणे किती जणांनी टिपून घेतले?

संकलन कक्ष यांचे उत्तर

ताई, आपले उत्तर मी दोनदा वाचले. मी माहितीपटांच्या संकलनाचे काम करतो, म्हणून त्या बाजूने काही भर घालतो.

चीनमध्ये या विषयावर चित्रीकरण करताना परवानगी मागून कोणाच्या दारात जाता येत नाही. नानफू वांग यांचा आधीचा एक माहितीपट मानवी हक्कांसाठी झगडणाऱ्या कार्यकर्त्यांवर होता, त्यामुळे त्यांच्यावर यंत्रणेची नजर असणार हे गृहीतच होते. अशा वेळी दिग्दर्शिका आपल्या नात्यागोत्यातल्या आणि ओळखीपाळखीच्या माणसांकडे वळली, यात निवडीइतकाच नाइलाजही होता. अनोळखी उइगुर किंवा तिबेटी बाईला कॅमेऱ्यासमोर बसवले असते तर दिग्दर्शिका अमेरिकेला परतली असती आणि ती बाई तिथेच राहिली असती. प्रतिनिधित्वासाठी कोणाला धोक्यात घालायचे, हा प्रश्न प्रेक्षकांना दिसत नाही, पण चित्रीकरण करणाऱ्याला तो रोज सोडवावा लागतो.

तरीही काही निर्णय संकलनाच्या टेबलावर झालेले आहेत आणि त्यांविषयी बोलायला हरकत नाही. निवेदन इंग्रजीत आहे आणि समोर अमेरिकी प्रेक्षक धरलेला आहे. शेवटी दिग्दर्शिका म्हणते की गर्भपाताची सक्ती करणाऱ्या देशातून निघून मी गर्भपातावर बंधने आणणाऱ्या देशात आले. हा विचार मोलाचा आहे, परंतु त्यासाठी वापरलेली ती अखेरची मिनिटे चिनी गावाकडून काढून अमेरिकेला दिलेली आहेत. जुळ्या बहिणींच्या प्रकरणातही असेच होते. एकीला अधिकाऱ्यांनी उचलून नेले आणि ती दत्तक म्हणून अमेरिकेत गेली, दुसरी हुनान प्रांतात वाढली. आपण गावातल्या बहिणीच्या मनात शिरतो, अमेरिकेतली बहीण मात्र आपल्याला जवळजवळ ऐकू येत नाही. कदाचित तो तिचाच निर्णय असेल, आणि तसे असेल तर तो पाळला गेला हे योग्यच झाले. न बोलण्याचा हक्क हाही प्रतिनिधित्वाचाच भाग मानायला हवा.

वेगळी वाट कशी असू शकते याचे एक उदाहरण देतो. पेरू देशात अध्यक्ष फुजिमोरी यांच्या राजवटीत, १९९६ ते २००० या काळात, दोन लाख ७० हजारांहून अधिक बायका आणि सुमारे २२ हजार पुरुषांची नसबंदी झाली. त्यांत केचुआ भाषा बोलणाऱ्या, डोंगराळ भागातल्या गरीब बायका मोठ्या संख्येने होत्या, आणि अनेकींच्या बाबतीत त्यांची खरी संमती घेतलेलीच नव्हती. ‘क्विपू’ या प्रकल्पात कॅमेरा घेऊन त्यांच्या गावी जाण्याऐवजी एक फुकट दूरध्वनी क्रमांक सुरू करण्यात आला. ज्यांच्याकडे इंटरनेट नाही अशा बायकांनी साध्या फोनवरून आपल्या भाषेत आपली हकिकत नोंदवली, दुसऱ्या गावातल्या बायकांच्या हकिकती ऐकल्या आणि त्यांना उत्तरेही दिली. जगातल्या श्रोत्यांना ते सारे संकेतस्थळावर भाषांतरासह ऐकता येऊ लागले. इथे कोणाला किती मिनिटे द्यायची हे माझ्यासारखा संकलक ठरवत नाही. बाई बोलायची थांबेल तेव्हा नोंद संपते.

पडदावेध, आपल्या मंडळाने हा माहितीपट एकटा दाखवू नये असे मला सुचवावेसे वाटते. दीपा धनराज यांचा १९९१ सालचा ‘समथिंग लाइक अ वॉर’ हा भारताच्या कुटुंब नियोजन कार्यक्रमावरचा माहितीपट त्याच्या जोडीला दाखवावा. त्यात शस्त्रक्रियांचे शिबिर आहे, तिथला डॉक्टर आहे, आणि त्याच्याबरोबरच गोलाकार बसून आपल्या शरीराविषयी, पाळीविषयी, इच्छेविषयी मोकळेपणाने बोलणाऱ्या ग्रामीण बायका आहेत. त्यांना केवळ झालेल्या अन्यायाच्या साक्षीदार म्हणून बसवलेले नाही, त्या विचार करणाऱ्या माणसांसारख्या दिसतात. चिनी माहितीपटात मला ज्याची चुटपुट लागली ती गोष्ट तिथे सापडते.

परदेशस्थ यांचे उत्तर

मी गेली वीस वर्षे अमेरिकेत आहे. आमच्या शेजारच्या कुटुंबाने चीनमधून दत्तक घेतलेली मुलगी माझ्या मुलाबरोबर शाळेत होती आणि आता ती पंचविशीत आहे. चीनमधून अमेरिकेत ८० हजारांहून अधिक मुले दत्तक आली, त्यांत बहुसंख्य मुली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये चीनने परदेशी दत्तकविधान जवळपास बंद करून टाकले. या मुलीला मी हा माहितीपट कसा वाटला असे विचारले होते. तिचे दुःख असे की अशा प्रत्येक कथेत ती अनाथालयाच्या छायाचित्रातले बाळच राहते, आणि कोणत्याही दोन दत्तक मुलींचे मत सारखे नसताना सगळ्यांच्या वतीने दत्तक घेणारे आईवडीलच बोलतात.

‘चिनी घरांना मुली नको होत्या’ या समजावर मात्र मला बोलायचे आहे, कारण इथल्या आईवडिलांनीही मुलींना हेच सांगितले. के अॅन जॉन्सन यांनी अनेक वर्षे केलेल्या संशोधनात असे आढळले की खेड्यांतली कितीतरी कुटुंबे सोडून दिलेल्या मुली आनंदाने सांभाळायला तयार होती. १९९१ च्या दत्तक कायद्याने मात्र दत्तक घेणारे निपुत्रिक आणि पस्तिशी ओलांडलेले असले पाहिजेत अशी अट घातली, म्हणजे लेकीला शेजारच्या घरी गुपचूप वाढवण्याची वाटही बंद झाली. परदेशी कुटुंबांकडून अनाथालयाला तीन हजार डॉलरची देणगी सक्तीने घेतली जात असे, तीही नंतर वाढली. मुलगी ‘नको’ म्हणून आपल्याला टाकून दिले गेले, असे मानत मोठे होणे आणि आपल्याला घरातून काढून घेतले गेले असण्याची शक्यता आहे हे कळणे, यात केवढा फरक पडतो हे मी त्या मुलीच्या चेहऱ्यावर पाहिले आहे.

पडदावेध यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. आरोग्यसेविकाताईंनी ‘वरची बाजू’ म्हणून जे लिहिले ते मी आमच्या सभासदांना वाचून दाखवले, तेव्हा वाद घालणारे ते ज्येष्ठ सभासद बराच वेळ बोलले नाहीत, आणि मग त्यांनी जानेवारी १९७६ मधल्या बार्शीची आठवण काढली. बाजाराला आलेल्या शेतकऱ्यांना धरून नेऊन तिथे नसबंदी केली गेली होती. त्याच वर्षी महाराष्ट्र विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते आणि राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायद्यात उतरले नाही, हे आमच्यापैकी तरुण मुलांना ठाऊकच नव्हते. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश पुरुषांवर होत्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत पुरुष नसबंदीचे प्रमाण अवघे ०.३ टक्के होते आणि स्त्रियांचे जवळपास ३८ टक्के. पुरुषांवरच्या सक्तीने आणीबाणीतले सरकार पडायला हातभार लावला, आणि बायकांच्या वाट्याला आलेले ओझे मात्र तसेच राहिले. बार्शीच्या त्या पुरुषांची साक्ष कोणी चित्रित करून ठेवली असेल तर कृपया इथे कळवावे.

पुढच्या महिन्यात संकलन कक्ष यांनी सुचवलेला माहितीपट आम्ही दाखवणार आहोत. आरोग्यसेविकाताई, आपण त्यानंतर बोलायला याल का?

निवृत्त आरोग्यसेविका यांचे उत्तर

येईन. पण मी एकटी व्यासपीठावर बसून बायकांच्या वतीने बोलणार नाही. माझ्या जुन्या उपकेंद्राच्या गावातल्या दोघीतिघींना मी विचारले आहे, त्यांतल्या एकीने, त्याच दोन मुलींच्या आईने, येते म्हणून सांगितले आहे. आता तिला नातवंडे आहेत. तिचे नाव जाहिरातीत घालू नका आणि तिचे चित्रीकरण करू नका. माझ्याविषयी तिला जे बोलायचे असेल ते तिला बोलू द्या, मध्येच कोणी तिला थांबवू नये. कार्यक्रम दुपारी दोनला ठेवा, तिच्या गावाची शेवटची एसटी साडेपाचला सुटते.